अमावस्येला धरणी हलत नाही

शुक्रवार, १९ डिसेंबर

ही वही सासऱ्यांनी दिली. स्वतःसाठी अर्धा डझन आणल्या होत्या, त्यातली एक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मी धरणीची लिहितो, तू माणसांची लिहीत जा." तेव्हा पहिलं पान त्यांच्यावरच खर्च करते.

बद्रीनाथ अण्णा, वय अडुसष्ट, मूळचे उमरग्याकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. रोज सकाळी दुर्बिणीच्या एका नळीतून सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर उतरवतात आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने टिपतात. मग कुठल्या देशात कुठला ज्वालामुखी धुमसतोय ते मोबाइलवर बघून लिहितात. मग चंद्राची तिथी. शेवटचा आणि सगळ्यात रुंद रकाना धरणीचा. त्यासाठी त्यांनी स्वतः यंत्र केलंय: स्प्रिंगला टांगलेलं लोहचुंबक, त्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, तिथून वायर एका जुन्या लॅपटॉपला. जमीन केसभर हलली तरी पडद्यावरची रेघ थरथरते. वाघोलीतला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिथे लिफ्टसुद्धा भूकंप म्हणून नोंदली जायची. म्हणून यंत्र माझ्या शाळेच्या कोठीत, पोषण आहाराच्या तांदळाशेजारी बसवलंय. शाळा थेट काळ्या खडकावर उभी आहे. तिथे आम्ही दोनच शिक्षिका, त्यातली मी प्रभारी मुख्याध्यापिका. अण्णा रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून येतात, नोंदवही छातीशी धरून.

हे वेड कशामुळे लागलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्र्याण्णव साली सासूबाई गणपती विसर्जनासाठी किल्लारीकडे माहेरी गेल्या होत्या. साईनाथ, म्हणजे माझा नवरा, तेव्हा पाच वर्षांचा. ताप होता म्हणून वडिलांपाशी राहिला. मी सासूबाईंना फक्त फोटोत पाहिलंय.

आज वेळा अमावस्या, उमरग्याकडे शेत पूजायचा सण. अण्णांनी सकाळीच आंबील केली, डबा भरून शाळेतही आणली. दुपारी पालकसभा झाली, एकतीस सह्या. पालकसभा मी अमावस्येलाच ठेवते. बहुतेक मुलं शेजारच्या खाणीवरच्या कामगारांची, आणि त्यांच्या आयांना महिन्यात तो एकच दिवस मोकळा. रविवार त्यांच्या नशिबी नाही. एरवी सभा बोलावली तर हजेरी माझी, मंदाकिनीबाईंची आणि पंख्याची.

सभेनंतर कोठीत डोकावले. रेघ सरळ. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ही चौदावी." यंत्र लावल्यापासून चौदा अमावस्या झाल्या, एकीलाही धक्का नाही. एरवी रोज एक तरी. खरंच अंगावर काटा आला.

मंगळवार, २३ डिसेंबर

अण्णांनी आज पूर्ण सिद्धान्त समजावून सांगितला. नोंदवहीतले सगळे धक्के दुपारी एक ते दोनमधले आहेत. सूर्य डोक्यावर येऊन कलायला लागतो ती वेळ. आणि अमावस्येला सूर्य-चंद्र एकाच बाजूने ओढतात, त्या ताणाने धरणी आवळून धरल्यासारखी गप्प राहते. वर्षभरात साडेतीनशेच्या वर नोंदी, एकही या नियमाबाहेर नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाने हे तांदळाच्या कोठीत बसून शोधलं. मला तर शाळेच्या छपरावर चढून ओरडून सांगावंसं वाटलं.

छपराऐवजी मंदाकिनीबाईंना सांगितलं. त्या माझ्या सहशिक्षिका, जन्म शनिवार पेठेतला, कौतुक करताना त्यांच्या तोंडाला फेस येतो. डब्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे धरणी नोकरीत आहे म्हणायची. एक ते दोन जेवणाची सुट्टी आणि महिन्याची एक रजा."

काही माणसांना मोठं काही समोर घडलेलं बघवत नाही. मी दिवसभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मंगळवार, ६ जानेवारी

तिसरीच्या वर्गात छतापासून खिडकीपर्यंत भेग गेली आहे. गेल्या महिन्यात बोटाचं नख जायचं, आज पट्टीची कड गेली. तो वर्ग व्हरांड्यात बसवला. मुलं खूश, मी नाही.

आधी आमचाही संशय खाणीवर होता. पण यंत्र लावायच्या आधीच्या दिवाळीत तक्रारी झाल्यावर खाणीच्या मालकांनी, विक्रमशेठनी, सुरुंग बंद केल्याचं लेखी दिलंय. आता तिथे फक्त आधी फोडलेले दगड क्रशरमध्ये घालून खडी करतात. दुपारी दणका ऐकू येतो तो डंपर रिकामा होतानाचा. शिवाय डोक्यावर लोहगावची विमानं आहेतच. इथल्या मुलांना बाराखडीआधी विमानांचे आवाज पाठ होतात. तेव्हा उरते ती धरणी, आणि धरणीला निवेदन कुठल्या टेबलावर द्यायचं?

भीती एवढीच आहे की शाळा पडायच्या आधी वर कुणीतरी ती बंद करायचा शेरा मारेल. मग ही त्रेसष्ट मुलं चार किलोमीटरवर, नगर रस्ता ओलांडून. मुलगे कदाचित जातील. मुलींना आया घरी ठेवतील, धाकटी भावंडं सांभाळायला. हे मला अंदाजाने नाही, नावानिशी माहीत आहे.

सोमवार, १२ जानेवारी

चांगली माणसंही असतात. आज स्वतः विक्रमशेठ शाळेत आले. अण्णांच्या यंत्राबद्दल कुठूनतरी ऐकलं होतं. कोठीत तांदळाच्या पोत्यावर टेकून तासभर बसले, नोंदवही पानापानाने पाहिली, फोटो काढून घेतले. निघताना अण्णांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. म्हणाले, "काका, तुम्ही गावाचं भूषण आहात. हे निसर्गाचं काम आहे हे आजवर कोणी सिद्ध केलं नव्हतं. छापून काढू, मी बघतो."

अण्णा घरी येईपर्यंत शाल काढायला तयार नव्हते. वाघोलीच्या चौकात आम्ही पाऊण तास अडकलो, तरी आरशात बघते तर चेहरा हसरा. बत्तीस वर्षांत कुणी त्यांना असं विचारलंच नव्हतं. साईनाथने संध्याकाळी जिलेबी आणली. शाल घडी करून ठेवताना अण्णा फोटोपुढे जरा जास्त वेळ उभे होते, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

गुरुवार, २९ जानेवारी

शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. "सदर इमारत परिसरातील वारंवारच्या नैसर्गिक भूकंपामुळे धोकादायक झाली असून दुरुस्तीचा उपयोग नाही." विद्यार्थी नव्या शालेय वर्षापासून दुसऱ्या शाळेत. हरकत असल्यास सहा मार्चला सुनावणी. आधार म्हणून जोडपत्र: श्री. बद्रीनाथ यांच्या नोंदी. आमच्याच नोंदवहीच्या पानांचे फोटो.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "माझ्या वहीने शाळा बंद होणार?" मी म्हटलं, तुमची वही खरं तेच सांगते, त्यात तुमचा काय दोष.  रात्री ते जेवले नाहीत.

विक्रमशेठना हे कळलं तर वाईट वाटेल. ते फोटो कार्यालयात कसे पोचले कोण जाणे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या हेच लिहायला बसले.

आज अमावस्या, शिवाय सूर्यग्रहण, आपल्याकडे न दिसणारं. अण्णा सकाळपासून यंत्रापाशी. पालकसभेत मी बायकांना सुनावणीचं सांगितलं आणि म्हटलं, सहा मार्चला सगळ्याजणी चला. चौथीतल्या मुलीची आई मुक्ताई उभी राहिली.

"मॅडम, आज म्हनलं असतं तर आत्ता उठून आलो असतो. आवसला खान बंद असती. बाकी दिसाला सुट्टी न्हाई, हप्ता कापत्यात."

मी म्हटलं, एक-दोन तासांसाठी जेवणाच्या सुट्टीत तरी सुटका होईल का? त्यावर ती सहज बोलून गेली, "जेवायच्या सुट्टीतच तर सुरुंग लावत्यात. मान्सं लांब बसली की उडवायचा. तवा हलूच देत न्हाईत कुनाला." मग माझा चेहरा बघून तिने पदर तोंडाला लावला. "तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

नव्हतं. अमावस्येला खाण बंद असते म्हणून मीच सभा अमावस्येला ठेवते. दर महिन्याला फळ्यावर माझ्या अक्षरात लिहिते. तिथून पंधरा पावलांवर कोठीत अण्णा दर महिन्याला कोरा रकाना दाखवतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. मला लाज वाटतेय, आणि मंदाकिनीबाईंचं ते वाक्य कानातून जात नाही.

सभेनंतर अण्णांनी दारातूनच हात वर करून सांगितलं, "सोळावी. ग्रहण असूनही." लहान मुलासारखे आनंदात होते. मी छान म्हटलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले, ती हातातच होती.

शनिवार, २१ फेब्रुवारी

चार दिवस सांगितलं नाही. सांगितलं नाही तर शाळा जाते. सांगितलं तर ह्या माणसाकडून मी काय काढून घेते? शोध गेला, शाल गेली, आणि वर हेही कळणार की ती शाल का मिळाली होती. साईनाथ म्हणतो, "बाबांना झेपणार नाही, आपण परस्पर तक्रार करू." पण त्यांचीच वही मोडीत काढायची आणि त्यांना शिपायाकडून कळू द्यायचं?

मुक्ताईचाही विचार आहे. तिचं नाव पुढे आलं तर दुसऱ्या दिवशी खाणीवरून हाकलतील.

रविवार, २२ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, सूर्याचे डाग काढून झाल्यावर. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं रागावतील, किंवा मुक्ताईला खोटं ठरवतील. त्यांनी फक्त विचारलं, "अमावस्या सोडून खाण कधी कधी बंद होती?" मी मुक्ताईला फोन लावला. गेल्या वर्षीची धुळवड. जुलैत क्रशरची मोटार जळली ते चार दिवस. आणि आता जानेवारीत मतदानाचा दिवस. अण्णांनी एकेक पान काढलं. सगळी कोरी.

वही मिटून म्हणाले, "ही पानं मला आधीपासून दिसत होती, नम्रता. त्या दिवशी चंद्र कुठे होता ते जुळेना म्हणून मी त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घालून ठेवलं. नियम आवडला होता, म्हणून तपासला नाही."

मी रडले. ते नाही रडले. चहा मागितला आणि नवीन पेन्सिल.

मंगळवार, ३ मार्च

माझा सासरा काय चीज आहे हे मला नऊ वर्षं संसार करून आता कळतंय. गेले आठ दिवस हा माणूस स्वतःचाच सिद्धान्त खोडायच्या कामाला अशा हौशीने लागलाय की जणू नवाच शोध लागलाय. नुसते कोरे दिवस दाखवून भागणार नाही, म्हणाले. त्या दिवशी खाण बंद होती याला पुरावा लागेल, आणि त्या बाईला उभं करायचं नाही.

पुरावा माझ्याच कपाटात होता. पालकसभेचं रजिस्टर. सुट्टीतल्या सोडून तेरा अमावस्या, तेरा सभा, खाणीवरच्या बायकांच्या सह्या आणि अंगठे, वेळ दुपारी एक ते दोन. कामावर असत्या तर शाळेत सही कशी केली असती? मुक्ताईची एकटीची नाही, तीसजणींची सही. एकीला काढायचं तर सगळ्यांना काढावं लागेल.

तक्ता सुवाच्य अक्षरात काढून दिला मंदाकिनीबाईंनी. मी डिसेंबरातल्या वागण्याबद्दल माफी मागितली. म्हणाल्या, "मागा, मागा. पण मीही थट्टाच केली होती हो, खरं असेल असं कुठे वाटलं होतं."

शुक्रवार, ६ मार्च

सुनावणी. पुढच्या रांगेत विक्रमशेठ, शेजारी त्यांची दोन माणसं. बांधकाम पाहून गेलेल्या अभियंत्यांनी अहवाल वाचला आणि मग अण्णांना बोलावलं, सिद्धान्त थोडक्यात सांगा म्हणून. विक्रमशेठनी हसून मान हलवली. अण्णा दोन्ही रजिस्टरं घेऊन उभे राहिले. शाल नव्हती, धुतलेला साधा पांढरा सदरा.

"माझा सिद्धान्त चुकीचा आहे," ते म्हणाले. "मोजमाप बरोबर आहे."

मग तारीखवार सांगितलं. इथे धक्का नाही, इथे तीस सह्या. इथे धक्का नाही, इथे मतदान. आणि जेवढे धक्के तेवढे सगळे जेवणाच्या सुट्टीत. आवाज चढला नाही की पडला नाही. टेलिफोनची तार कुठे तुटली हे साहेबांना सांगावं तसं. अभियंत्यांनी मध्येच विचारलं, "आजोबा, म्हणजे तुमचं स्वतःचं संशोधन तुम्हीच खोडताय?"

"हो. लिहून घ्या."

विक्रमशेठ उठले. म्हणाले, काकांचं वय झालंय, त्यांना घरच्यांनी पढवलंय, खुद्द किल्लारी बघितलेला माणूस भूकंप नाही म्हणेल का. अण्णांनी दोन्ही रजिस्टरं टेबलावर ठेवली. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"भूकंपाने काय होतं ते मी बघितलंय," ते म्हणाले. "माझ्या घरातलं माणूस गेलंय त्यात. म्हणूनच सांगतो. त्याच्या नावावर जेवढं आहे तेवढं पुष्कळ आहे. तुमचं त्यात घालू नका."

 अभियंत्यांनी दोन्ही रजिस्टरं मागून घेतली आणि पोच लिहून दिली.

परत येताना मी म्हटलं, अण्णा, मला तुमचा अभिमान वाटतो. लग्न झाल्यापासून असं तोंडावर कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "गाडी नीट चालव. सिग्नल आहे."

सोमवार, १६ मार्च

न कळवता पथक आलं आणि खाणीत ताजी भोकं सापडली, भरायच्या तयारीतली. सुरुंगांना टाळं लागलं. क्रशर चालू आहे, मुक्ताई आणि सगळ्याजणी कामावर आहेत. किती दिवस कोण जाणे. शाळा बंद करण्याचं पत्र मागे घेतलंय. भिंतीची दुरुस्ती मंजूर, गवंडी सुट्टीत येणार.

विक्रमशेठ रस्त्यात दिसले, ओळख दाखवली नाही. शाल अण्णांनी पोस्टाने परत पाठवली. मी म्हटलं होतं राहू द्या, थंडीत होईल. पण पार्सल त्यांनी स्वतः शिवलं.

टाळं लागल्यापासून यंत्राची रेघ अगदी सरळ आहे. अण्णा येतात, सूर्य, ज्वालामुखी, चंद्र लिहितात आणि धरणीच्या रकान्यात शून्य. त्या सगळ्या नोंदींपैकी एकही भूकंप नव्हता. तोंडाने काही म्हणत नाहीत, पण कोठीतून पूर्वीपेक्षा लवकर बाहेर येतात. मला वाईट वाटतं.

बुधवार, २५ मार्च

सकाळची शाळा. साडेनऊच्या सुमाराला मी तिसरीला तेराचा पाढा सांगत होते आणि अण्णा व्हरांड्यातून जवळजवळ पळत आले. धाप लागली होती. मला वाटलं छातीत दुखतंय. म्हणाले, "मुलांना घेऊन ये. हळू या, पाय आपटू नका."

सुरुंगाच्या दणक्यांनी रेघ पडद्याबाहेर जायची म्हणून त्यांनी यंत्राची ताकद पहिल्या महिन्यापासून कमी करून ठेवली होती. आता दणके थांबले म्हणून गेल्या आठवड्यात पूर्ण वाढवली. आम्ही सगळे तांदळाच्या पोत्यांत दाटीने उभे राहिलो. रेघ हलत होती. ते ओळखीचं एकदम उसळून खाली येणं नाही. सावकाश, लांब, थांबून थांबून, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तशी. मिनिटामागून मिनिट चालूच. मोबाइलवर बातमी आली: दूर पूर्वेकडे, समुद्राच्या तळाखाली मोठा भूकंप, वस्ती जवळ नाही. अण्णांनी घड्याळ पाहिलं. तिथून निघून पृथ्वीच्या पोटातून आमच्या कोठीपर्यंत यायला त्या लहरीला दहा-अकरा मिनिटं लागली होती.

त्रेसष्ट मुलं आणि एकाचाही आवाज नाही, हे मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिलं. मंदाकिनीबाईसुद्धा गप्प होत्या, ही वेगळी नोंद. अण्णांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते.

मुक्ताईच्या मुलीने त्यांचा सदरा ओढला. "आजोबा, आता आपली शाळा पडंल का?"

अण्णा तिच्याजवळ खाली बसले.

"नाही बाळा," ते म्हणाले. "ही लांबून आलीय, नुसतं कळवायला."